शेंडेफळ नव्हे, पहिलंच फळ: उशिराच्या मुलाला मराठीत काय म्हणायचं?

(ही अनेकांची लेखी चर्चा आहे. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

कोनाडा

मी घरातलं शेंडेफळ. माझ्या जन्माच्या वेळी आई त्रेचाळीस वर्षांची होती, वडील बावन्नचे, आणि थोरल्या ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं. त्यामुळे हा शब्द अंगावर घेऊनच वाढले. झाडाच्या शेंड्याला, सगळ्यांत शेवटी धरलेलं फळ. या शब्दात लाड आहेत, कौतुक आहे, आणि 'शेवटचं आहे, जाऊ दे' अशी सूटही आहे.

गेल्या आठवड्यात एक जुनी मैत्रीण घरी आली होती. ती सत्तेचाळीसची, नवरा चोपन्नचा. लग्न उशिरा झालं, मग सासूबाई सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आणि आता दोघांना मूल हवं आहे. घाई आहे, कारण कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्यानुसार बाईचं वय पन्नासच्या आत आणि पुरुषाचं पंचावन्नच्या आत असावं लागतं. तिच्या हातात अजून तीन वर्षं आहेत, त्याच्या हातात काही महिने. मी मायेनेच म्हणाले, "म्हणजे आता तुमच्याकडे शेंडेफळ येणार!" त्यावर ती म्हणाली, "शेंड्याचं कसं गं? आमचं तर हे पहिलंच."

खरंच, शेंडेफळ म्हणायला आधीची फळं लागतात. दुसरीकडे तिला 'पहिलटकरीण' म्हणावं तर डोळ्यांसमोर विशीतली पोर येते. उशिरा झालेल्या पहिल्या मुलासाठी तुमच्याकडे काही शब्द आहे का?

यातूनच दुसरा प्रश्न पडला आणि तो जास्त छळतो आहे. मूल झालं की आपण म्हणतो: कूस उजवली, पांग फिटले, वंशाला दिवा लागला, म्हातारपणची काठी मिळाली. हे सगळे शब्द आईबापांच्या बाजूने बोलतात. त्यांचं काय भरून निघालं ते सांगतात. उशिराच्या मुलाच्या वाट्याला काय येतं, हे सांगणारा शब्द आठवायला बसले तर एकच आठवला: पोरका. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते.

बांधावरून

शब्द आहे. पण शेतातला आहे. आमच्या परभणीकडे पेरणी आगाप असते नाहीतर मागास. वेळेआधी पेरलं ते आगाप, वेळ टळल्यावर पेरलं ते मागास. माझी आजी माझ्या धाकट्या चुलत्याला 'मागास पेऱ्याचं पोर' म्हणायची. त्यात हिणवणं नव्हतं. आता 'मागास' म्हटलं की लोकांना वेगळंच ऐकू येतं, त्यामुळे शहरात हा शब्द वापरू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पेऱ्यातच दिसतं. मागास पेरणीला आमच्यात कोणी पाप म्हणत नाही. पाऊसच उशिरा आला तर माणूस काय करणार? पण मागास पेरणारा एक गोष्ट बघतोच: रानात ओल किती उरली आहे. दाणा भरेपर्यंत ती पुरेल का? पुरणार नसेल तर कमी दिवसांचं वाण घ्यायचं, नाहीतर विहिरीच्या पाण्याची सोय आधी करून मग पेरायचं. माणसाच्या पोराचं कमी दिवसांचं वाण नसतं. त्याला वीस-बावीस वर्षं लागतातच. म्हणून तिथे विहीर बघणं आलं. मैत्रीण उशीर करते आहे हे मला खटकत नाही. विहिरीचं काय, एवढंच मी तिला विचारेन.

कुळागर

गोव्यात शेवटच्याला 'निमाणो' म्हणतात, निमाणो म्हणजे शेवटचा. पण हा शब्दही मोजदादच करतो, वयाचं काही सांगत नाही.

आमच्या मोठ्या घरात एकाच वर्षी सासू आणि सून बाळंत झाल्याची गोष्ट अजून सांगतात. माझे एक काका माझ्या थोरल्या भावापेक्षा सहा महिन्यांनी लहान आहेत. त्या काकांना कोणी उशिराचं मूल असं वेगळं काढलं नाही, कारण सुनेनेही त्यांना अंगावर पाजलं, आणि वडील गेले तरी त्यांच्या डोक्यावर तीन मोठे भाऊ होते. उशीर तेव्हाही होताच, पण तो घराने वाटून घेतला होता. सासूला मात्र लाज वाटायची. ती लाज तिच्या एकटीच्या वाट्याला होती.

रात्रपाळी

मी प्रसूतिविभागात परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्या केसपेपरवर तुमच्या मैत्रिणीसाठी शब्द तयार आहे: 'एल्डर्ली प्रायमी'. पस्तिशीनंतर पहिल्यांदा गरोदर असेल तर हा शिक्का बसतो. एल्डर्ली म्हणजे वयस्क. छत्तीस वर्षांची बाई तो शब्द वाचते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. आता 'अ‍ॅडव्हान्स्ड मॅटर्नल एज' असं लिहायला सांगतात, पण तोंडातला शब्द जुनाच आहे.

दुसरा शब्द 'प्रेशस'. 'प्रेशस बेबी आहे, सिझेरियनच करू या,' असं सर्रास बोललं जातं. खूप वर्षांनी, खूप उपचारांनी राहिलेलं मूल म्हणजे प्रेशस. शेजारच्या खाटेवरच्या बावीस वर्षांच्या मुलीचं तिसरं मूल काय मग? तिला हा शब्द कोणी कधी लावत नाही. आणि ज्याला लावतात त्याचंही मला भलं दिसत नाही. जन्माआधीच त्याच्यावर मोल लिहिलेलं असतं, आणि मोल म्हटलं की वसुली आली.

वयाचे धोके लपवण्यात अर्थ नाही. आईचं वय पंचवीस असताना बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साडेबाराशेत एक असते, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक, पंचेचाळिशीला तीसमध्ये एक. अर्थात हे आईचं स्वतःचं बीज असेल तर. सत्तेचाळिशीत बहुधा दात्रीचं, म्हणजे बीज दान करणाऱ्या दुसऱ्या बाईचं, बीज घेतात, मग हिशेब दात्रीच्या वयाचा. कायद्याने दात्री तेवीस ते पस्तीस वर्षांची लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं. धोका आईच्या जिवालाही असतो, रक्तदाबाचा आणि साखरेचा. बीज कोणाचंही असलं तरी तो टळत नाही.

आणि बापाचं वय? त्यासाठी केसपेपरवर रकानाच नाही. २०१२ मध्ये आइसलँडच्या लोकांवरचा अभ्यास आला. बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त येतात असं त्यात दिसलं. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, पण सगळेच नाहीत. 'एल्डर्ली' बाप असा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

उंबरठा

रात्रपाळीताई, हेच लिहायला आले होते. बाईच्या उशिरासाठी मराठीत शब्दांची रास आहे. लग्नाला उशीर झाला की घोडनवरी, मूल झालं नाही की वांझ, झालं तर 'या वयात हे काय सुचलं?' पुरुषासाठी एक 'जरठ' आहे, तोही १८९९ च्या 'शारदा' नाटकामुळे जरठ-कुमारी विवाहाच्या चर्चेत टिकला. रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. साठीच्या बापाचं फार तर कौतुक होतं.

नीतीचा प्रश्न विचारायचाच तर आधी हे विचारा की उशीर झाला कशामुळे. या मैत्रिणीची सात वर्षं कोणाच्या अंथरुणापाशी गेली? ती सेवा सगळ्यांना चालली. त्या सात वर्षांत 'तुझं वय चाललं आहे, आम्ही बघतो आईंकडे' असं कोणी म्हणालं? आणि आता तिने मूल हवं म्हटलं की सगळ्यांना मुलाचं हित आठवतं. तरुण आईबापांना 'तुम्ही किती वर्षं जगाल' असं कोणी विचारत नाही. अपघाताने, व्यसनाने, आजारपणाने तिशीतही मुलं पोरकी होतात.

निरुक्ती

'अपत्य' हा शब्द इथे कोणी आणला नाही, म्हणून आणतो. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथात, त्याचं निर्वचन दोन प्रकारे दिलं आहे. एक 'अपततं भवति': जे आपल्यापासून पुढे, दूर पसरत जातं ते. दुसरं 'नानेन पतति': ज्याच्यामुळे आपण पडत नाही ते. 'पुत्' नरकातून तारतो तो पुत्र, ही प्रसिद्ध फोड या दुसऱ्या अर्थाच्या कुळातली.

कोनाडाताईंनी जे शब्द दिले, काठी, दिवा, पांग, ते सगळे दुसऱ्या अर्थाचे आहेत. मूल म्हणजे आपल्याला पडू न देणारं. पहिला अर्थ, आपल्यापासून लांब जाणारं, हा मराठीत फारसा रुजला नाही. उशिराच्या मुलाबाबतीत हे दोन अर्थ एकमेकांना छेद देतात. तरुण आईबापांचं मूल आधी दूर जातं, त्याची शाळा, नोकरी, संसार होतो, आणि बऱ्याच वर्षांनी आधार व्हायची वेळ येते. पन्नाशीतल्या आईबापांच्या मुलाला दूर जायच्या वयातच आधार व्हावं लागतं. विशीत त्याच्या हातात दवाखान्याची फाईल असते. सप्टेंबर २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना जुळ्या मुली झाल्या. तेव्हा अभिनंदन आणि टीका दोन्ही भरपूर झालं, आणि दोन्ही त्या बाईंबद्दलच होतं. वयाची मर्यादा घालणारा कायदा त्यानंतर आला.

कोनाडा

सगळ्यांचं वाचलं. उंबरठा, तुमचा राग मला पटतो आणि तो मैत्रिणीला वाचूनही दाखवला. ती रडली. पण उशीर कोणी केला याचा हिशेब मूल मागणार नाही. ते फक्त उरलेल्या वर्षांत जगणार. मी तशी जगले आहे, म्हणून हे लिहिते.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाबा यायचे तेव्हा मुली म्हणायच्या, "तुझे आजोबा आलेत." मी दुरुस्त करत नसे. त्याची शरम मला बाबा गेल्यावर वाटू लागली, अजून वाटते. पुढे मैत्रिणी सहलीला गेल्या, परगावी शिकायला गेल्या. मी आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या, मग खुब्याच्या, मग विसरभोळेपणाच्या तारखांभोवती माझं शिक्षण बसवलं. 'शेंडेफळच शेवटी कामाला आलं' असं नातेवाईक कौतुकाने म्हणायचे. लाडाचा शब्द काठीचा कधी झाला कळलंही नाही. पण 'तू व्हायला नको होतीस का?' असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन, ठामपणे. बाबांनी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात मला जितकं वाचून दाखवलं तितकं माझ्या भावंडांना कधी मिळालं नाही.

म्हणून मला बांधावरून यांचा प्रश्न सगळ्यांत खरा वाटला: ओल किती आणि विहीर कुठे. मैत्रिणीने मधे दत्तकाचीही चौकशी केली होती. तिथला नियम मला कायद्याच्या भाषेतही माणुसकीचा वाटला. २०२२ च्या नियमावलीत नवराबायकोच्या वयांची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर बेरीज पंच्याऐंशीपर्यंत, चार वर्षांपर्यंतचं असेल तर नव्वद, आठपर्यंत शंभर, त्यापुढच्या मुलासाठी एकशे दहा. मूल जितकं मोठं, तितके आईबाप मोठे चालतात. इथे मोजणी मुलाच्या बाजूने केली आहे. यांची बेरीज एकशे एक भरली. म्हणजे आठ वर्षांवरचंच मूल. ती तयार होती, नवरा अडला. त्याला बाळ हवं आहे. यावर त्यांचं भांडण झालं आणि अजून पुरतं मिटलेलं नाही. मला वाटतं त्याने पुन्हा विचार करावा. आठ-दहा वर्षांच्या पोराला आज घर हवं आहे आणि यांच्याकडची ओल त्याला पुरेल. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

रात्रपाळी

आणि दोघांनी बाळाचंच ठरवलं तर?

कोनाडा

तर विहीर आधी. मी तिला तीन गोष्टी विचारल्या. नवरा अठ्ठावन्नला निवृत्त होईल तेव्हा मूल तीनेक वर्षांचं असेल, घर कशावर चालेल? दात्रीचं बीज असेल तर ते मुलाला कधी आणि कोण सांगेल? तुम्ही दोघं नसलात तर ते कोणाकडे जाईल, त्या माणसाला विचारलं आहे का? पहिल्या दोनांची उत्तरं तिच्याकडे होती. तिसऱ्याला ती म्हणाली, "दादा आहे की." दादा साठ वर्षांचा आहे.

काल तिचा फोन आला. तिने दादाला नाही, त्याच्या मुलीला विचारलं. भाची सव्वीस वर्षांची, नाशिकला नोकरी करते. तिला सगळं स्पष्ट सांगितलं: मृत्युपत्रात तुझं नाव घालावं लागेल, नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. भाचीने दोन दिवस मागितले. मग म्हणाली, "आत्या, मी एकुलती एक. माझ्या पाठचं कोणी नाही. हे झालं तर माझ्या पाठचं."

कुळागर, तुमच्या काकांना हा शब्द लागू पडला असता. शेंडेफळ, प्रेशस, एल्डर्ली या सगळ्यांनंतर मला हा पटला. पाठचं. आईबापांचं वय त्यात येत नाही. पुढे कोणीतरी उभं आहे, एवढं मात्र येतं.

बांधावरून

भाचीला माझा नमस्कार सांगा. आणि तिच्या नोकरीचं, लग्नाचं जे काही असेल ते आत्याने आधी विचारात घ्यावं. ती पण कोणाची तरी लेक आहे.

कोनाडा

सांगते. तेही बोलणं झालं आहे. दर दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं असं ठरलं आहे.