मदत हवी आहे: स्टॉकहोममधल्या जाहिराती प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी, मी जाहिरात विषयाची विद्यार्थिनी. प्रकल्पासाठी स्वीडनमधल्या जगावेगळ्या जाहिराती घेतल्यात. 2016 साली तिथल्या पर्यटन संघटनेने चक्क देशालाच एक फोन नंबर दिला! जगातून कुणीही फिरवायचा आणि नाव नोंदवलेला कुणीतरी साधा स्वीडिश माणूस उचलणार. काय बोलायचं हे त्याला कुणी पढवलेलं नाही. निमित्त होतं सेन्सॉरशिप रद्द झाल्याला 250 वर्षं झाल्याचं. आपल्या माणसांवर एवढा विश्वास टाकणं मला फार भावलं.

दुसरा, स्टॉकहोमच्या ओडेनप्लान चौकातला 2017 चा डिजिटल फलक. आपोटेक यॅर्टाट या औषधदुकानांच्या साखळीचा. सिगारेटचा धूर जाणवला की त्यातला माणूस खोकायचा. तिथल्याच मेट्रो स्थानकात 2009 मध्ये फोक्सवॅगनने जिन्याचा पियानो केला होता.

अडचण अशी, की माझ्याकडे फक्त जाहिरात करणाऱ्यांनीच बनवलेले व्हिडिओ आहेत आणि त्यात कौतुकच असणार. तेव्हा स्टॉकहोममध्ये राहणारं कुणी आहे का इथे? फलक खोकला की लोक चिडायचे की हसायचे? त्या नंबरवर कुणी फोन केला होता का? प्रकल्प महिनाअखेरीस द्यायचाय. दोन ओळी लिहिल्यात तरी खूप मदत होईल.