एस्टोनियन शुक्रवारी घरी जातो, नेपाळी का जात नाही? फिनलंडमधल्या दोन स्थलांतरित समाजांबद्दल

उत्तरवारा

परवा हेलसिंकीशेजारच्या एस्पूला आमच्या घरी सात-आठ मराठी कुटुंबं जेवायला जमली होती. बोलता बोलता एक जण म्हणाला, "एस्टोनियन लोक बघा. आले, कामाला लागले, आता त्यांना कुणी परकं समजतही नाही. नेपाळी मात्र इतकी वर्षं झाली तरी रेस्टॉरंटच्या भटारखान्यातच." चार जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलं नाही. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

हेलसिंकीच्या पश्चिम बंदरावर शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघा. एस्टोनियाच्या राजधानीची, टाल्लिनची, बोट लागलेली असते. रांगेत निम्मे पुरुष बांधकामाच्या जाड विजारीत, गुडघ्यांवर सिमेंटचे डाग, खांद्याला हत्यारांची पिशवी. बोटीत चढले की बाकावर आडवे होतात आणि दोन तासांनी घरी. रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परत. मधली खाडी जेमतेम ऐंशी किलोमीटरची. एस्टोनियातल्या वर्तमानपत्रांनी या माणसांना 'कालेविपोएग' असं नावच दिलंय. तो त्यांच्या राष्ट्रीय महाकाव्याचा नायक, जो पोहत फिनलंडला जातो.

आता दुसरं. आमच्या ऑफिसजवळ एक नेपाळी रेस्टॉरंट आहे. दुपारच्या जेवणाला तिथे फिनिश लोकांची रांग लागते. तंदूरवर जो माणूस असतो त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही, सगळे जळलेले. हिंदी उत्तम बोलतो. ओळख वाढली तेव्हा त्याने सांगितलं, की तो सकाळी दहाला येतो आणि रात्री साडेदहाला जातो. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र साडेसात तास. मुलीला तीन वर्षांत भेटलेला नाही. मी विचारलं, "सोडत का नाहीस?" त्याने पिठाचा गोळा थापला, नान तंदूरच्या भिंतीला लावला आणि म्हणाला, "दाइ (म्हणजे दादा), सोडून जाऊ कुठे? परवाना यांच्या नोकरीवर आहे."

माझं म्हणणं एवढंच, की या दोन समाजांत जो फरक दिसतो तो कष्टाचा, हुशारीचा किंवा 'मिसळण्याच्या वृत्ती'चा नाही. फरक आहे तो नोकरी सोडता येते की नाही याचा. एस्टोनिया १ मे २००४ रोजी युरोपीय संघात गेला. फिनलंडने दोन वर्षं आडकाठी घातली, २००६ पासून वाट मोकळी. त्यानंतर एस्टोनियन माणसाला मालक आवडला नाही तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कामाला लागू शकतो. काम नसेल तर घरी जाऊ शकतो आणि पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. नेपाळ्याला यातलं काहीच करता येत नाही. बाकी सगळं, म्हणजे पगार, घर, भाषा, बायकामुलं, यातूनच निघतं.

सरळरेघ

सपशेल असहमत. मी इथे बांधकामावर देखरेखीचं काम करतो, रोज एस्टोनियन लोकांबरोबर असतो.

आधी चूक दुरुस्त करतो. नोकरदाराचा राहण्याचा परवाना एका मालकाला बांधलेला नसतो, तो व्यवसायाच्या क्षेत्राला असतो. स्वयंपाकी असेल तर तो दुसऱ्या रेस्टॉरंटात जाऊ शकतो. 'सोडून जाऊ कुठे' हे पूर्ण खरं नाही.

दुसरं, भाषा तुम्ही एका शब्दात उडवलीत. पाण्याला दोन्ही भाषांत 'वेसि', हाताला दोन्हीकडे 'कॅसि'. सोव्हिएत काळात टाल्लिनच्या घराघरांत चोरून फिनिश टीव्ही बघत असत, एक अख्खी पिढी त्यावर फिनिश शिकली. असा माणूस साइटवर पहिल्या आठवड्यात मुकादमाशी भांडू शकतो. नेपाळी माणसाला भांडायला दहा वर्षं लागतात, कारण फिनिश येत नाही आणि भटारखान्यात ती शिकायची गरजही पडत नाही. कागद सारखा केलात तरी हा फरक राहणार.

आणि एस्टोनियन लोकांचं शोषण झालंच नाही असं समजू नका. टाल्लिनच्या कंपन्या माणसं इकडे 'पाठवलेले कामगार' म्हणून आणायच्या, पगार तिकडच्या हिशोबाने, कर कुठेच नाही. एकेका खोलीत सहा-सहा माणसं राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. २०१२ पासून इथे बांधकामावरच्या प्रत्येकाला करक्रमांक असलेलं फोटो-ओळखपत्र छातीवर लावायची सक्ती झाली, ती या काळ्या धंद्यामुळेच. म्हणजे मोकळा कागद असूनही लुटले गेलेच.

मीनाक्षी_वान्ता

एक गोष्ट कुणी बोलत नाहीये ती मी बोलते. त्या स्वयंपाक्याला राबवणारा मालक कोण असतो? बहुतेक वेळा नेपाळीच. गावाकडचा, ओळखीचा, कधी नात्यातला.

मी २०१५ ला इथे शिकायला आले तेव्हा शिक्षण फुकट होतं, आणि रात्री ऑफिसांच्या सफाईला जायचे. माझ्या गटात तिघे नेपाळी विद्यार्थी आणि एक एस्टोनियन बाई, पन्नाशीची. ती बाई दर महिन्याला पगाराची चिठ्ठी घेऊन बसायची. संध्याकाळचा भत्ता, रविवारचे दुप्पट, ओळ न् ओळ बोटाने तपासायची. एकदा रविवारचे पैसे कमी आले तर तिने त्याच दिवशी युनियनला फोन लावला आणि पैसे मिळवले. नेपाळी मुलांना तेवढेच कमी आले होते. मी म्हटलं, तुम्हीही सांगा. तर म्हणाले, "दिदी, काम ज्याने लावून दिलं तो दाइ नाराज होईल."

फिनलंडमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही, सगळं युनियन आणि मालकांच्या संघटना यांच्यातल्या सामूहिक करारावर चालतं. ज्याला करार माहीत नाही त्याचा पगार मालक ठरवतो. हे कागदाने सुटणारं नाही. उपकाराचं जे ओझं आहे ना, ते आपल्यालाही परकं नाही.

उत्तरवारा

@सरळरेघ, क्षेत्राचा मुद्दा बरोबर, मी ढोबळ लिहिलं. पण व्यवहारात बघा. जी रेस्टॉरंटं त्याला फिनिशशिवाय घेतील त्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. आणि जून २०२५ पासून नियम असा आहे, की कामाच्या परवान्यावर असलेला माणूस तीन महिन्यांहून जास्त बेकार राहिला तर परवाना रद्द होऊ शकतो. वर २०२५ च्या सुरुवातीपासून परवान्यासाठी महिना १,६०० युरोंची कमाई दाखवावी लागते. म्हणजे मालकाने चिठ्ठीवर पूर्ण पगार दाखवायचा, बँकेत भरायचा आणि काही रक्कम रोखीने परत घ्यायची. २०१९ मध्ये 'हेलसिंगिन सानोमात' या इथल्या दैनिकाने हेलसिंकीच्या नेपाळी रेस्टॉरंटांवर जो मोठा शोधलेख छापला त्यात हेच होतं.

त्यानंतर कायदा बदलला हे खरं. ऑक्टोबर २०२१ पासून मालकाने पिळलेल्या कामगाराला वेगळा वर्षाचा परवाना मागता येतो. पण हा कायदा करावा का लागला? कारण परवान्याच्या भीतीने कुणी तोंडच उघडत नव्हतं.

@मीनाक्षीताई, एस्टोनियन बाईने फोन केला तेव्हा तिचं जास्तीत जास्त काय जाणार होतं? नोकरी. त्या मुलांचं काय जाणार होतं ते तुम्हीच बघा. 'दाइ नाराज होईल' यातला दाइ नुसता नातेवाईक नव्हता, त्यांच्या राहण्याचा आधार होता.

तिठा

मग आपलं काय? आपणही युरोपीय संघाबाहेरचेच. आपल्याही खिशात परवानाच असतो. मी पुण्याहून आलो तेव्हा मलाही फिनिशचा गंध नव्हता. मला कुणी बारा तास राबवून साडेसात लिहिले नाहीत. कारण माझ्या हातात पदवी होती आणि मला दुसरीकडून बोलावणं येत होतं. तेव्हा कागदापेक्षा वर्ग आणि शिक्षण मोठं. लेखातला मुख्य मुद्दा इथेच पडतो.

उत्तरवारा

@तिठा, नाही पडत. तुमचा आणि त्याचा परवाना एक नाही. तुम्ही 'तज्ज्ञ' म्हणून आलात. स्वयंपाक्यासाठी सरकार आधी बघतं, की हे काम करायला इथे कुणी मिळतंय का, तुमच्यासाठी ते बघितलं जात नाही. नोकरी गेली तर त्याला पहिली दोन वर्षं तीनच महिने, तुम्हाला पहिल्यापासून सहा. पदवीची किंमतसुद्धा परवान्यातच उतरवून दिली आहे.

अजून एक उदाहरण देतो, ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. एस्टोनियाच्या पूर्वेला नार्वाकडे रशियन बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या काहींनी १९९१ नंतर कुठलंच नागरिकत्व घेतलं नाही किंवा त्यांना मिळालं नाही. त्यांच्याकडे करड्या रंगाचा पासपोर्ट असतो. शेजारी-शेजारी राहणारे, एकाच कारखान्यातून कमी झालेले दोन वेल्डर. एस्टोनियाचा गडद लाल पासपोर्टवाला उद्या हेलसिंकीत कामाला लागू शकतो. करड्या पासपोर्टवाला बोटीत बसून फिरायला येऊ शकतो, पण कामासाठी त्याला परवाना लागतो. दोघांचं गाव एक, हुन्नर एक, शाळाही एक. आता सांगा, फरक कशाचा?

सरळरेघ

करड्या पासपोर्टचं उदाहरण मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण मग दुसऱ्या बाजूचंही बघा. फिनलंडमध्ये एस्टोनियन नागरिक साधारण पन्नास हजारांपर्यंत गेले आणि मग वाढ थांबली, लोक परत जायला लागले. माझ्या साइटवरचा एक जुना फरशी बसवणारा गेल्या वर्षी टाल्लिनला परत गेला. म्हणाला, आता तिकडे आणि इकडे एवढा फरक उरला नाही की आठवड्याला बोट पकडावी. हे कागदाने झालं नाही, त्याच्या देशात पगार वाढले म्हणून झालं. नेपाळच्या सकल उत्पन्नात बाहेरून येणारा पैसा साधारण चौथा हिस्सा असतो. तिथला तरुण परत कशावर जाईल? 'नोकरी सोडता येणं' यासाठी परत जायला एक घर लागतं, जिथे रोजगार आहे. तो नसेल तर परवाना कितीही मोकळा करा, माणूस अडकलेलाच.

हापूसवाला

मी रत्नागिरीत बागायती करतो, फिनलंड नकाशातच बघितलंय. पण नेपाळी माणसाबद्दल बोलताय म्हणून लिहितो.

आमच्याकडे आंब्याच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळीच असतात. सगळ्यांना सरसकट 'गुरखा' म्हणतात, मग तो पश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्याचा असो नाहीतर कैलालीचा. बोटींवर खलाशीही तेच. दिवाळीच्या पुढे-मागे येतात, आंबा संपला की जातात. यांना परवाना लागत नाही. भारत-नेपाळचा १९५० चा करार आहे, सीमा उघडी आहे. म्हणजे तुमच्या एस्टोनियनसारखाच मोकळा माणूस. पटलं नाही तर रातोरात शेजारच्या बागेत जातो, आणि जातोच. म्हणून आम्हाला आधी उचल द्यावी लागते, आणि उचल घेऊन गेला तर बोलताही येत नाही.

तर तुमच्या हिशोबाने त्याचं बरं चाललेलं असायला हवं. ते तसं नाही. बागेतल्या खोपीत राहतो. दिवसा वानरं आणि रात्री चोर, दोन्ही बघतो. फवारणी करताना तोंडाला गमछा बांधतो, त्याच्यापलीकडे काही नाही, हे माझ्या बागेतलंच सांगतोय. रेशन नाही, मतदान नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीत त्याच्या वतीने कुणी बोलत नाही. बायको-पोरं बरोबर असली तर पोरगं अर्धं वर्ष इथल्या शाळेत, अर्धं वर्ष कुठेच नाही. सोडून जायची मुभा आहे, पण जिथे जाईल तिथे खोपीच.

मीनाक्षी_वान्ता

हापूसवाले, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि एक लक्षात आलं, तुमच्या बागेत राबणारा अछाम-कैलालीचा माणूस फिनलंडला पोचतच नाही. इथे येणाऱ्याने जमीन गहाण टाकलेली असते, एजंटाला पैसे मोजलेले असतात, २०१७ पासून शिक्षणाची फीही भरावी लागते. म्हणजे आपण ज्याला इथला 'गरीब नेपाळी' म्हणतोय तो तिकडचा त्यातल्या त्यात ऐपतवाला आहे. आणि म्हणूनच तो इथे गप्प राहतो, गहाण जमीन मागे आहे. तुमच्याकडचा पळून जाऊ शकतो, कारण त्याच्यावर फार तर तुमची उचल असेल.

उत्तरवारा

हापूसवाले, तुम्ही माझा मुद्दा अर्धा मोडलात आणि ते मी उघडपणे मान्य करतो. मी 'सोडता येणं' यावरच सगळं उभं केलं होतं. एस्टोनियन माणसाला नुसतं सोडता येत नाही, तो इथे नाव नोंदवून राहिला की दवाखाना, मुलांची शाळा, महापालिकेच्या निवडणुकीतलं मत, सगळं त्याला मिळतं. ते मी गृहीतच धरलं होतं, कारण मला ते रोज दिसतं. तुमच्याकडच्या माणसाला जाण्याची मुभा आहे, राहण्याचे हक्क नाहीत. माझ्या ओळखीच्या स्वयंपाक्याचं नेमकं उलट. इथल्या कायद्याने त्याला दवाखाना आहे, सुट्टी आहे, रविवारचे दुप्पट पैसे आहेत, आणि त्यातलं काही मागायला गेला तर पायाखालची जमीन जाते.

सरळरेघांचा घराचा मुद्दाही यात बसतो, पण तो मी अजून पूर्ण मानत नाही. टाल्लिनचे पगार वाढले तेसुद्धा मोकळी वाट मिळाल्यावरच. माणसं सहज निघून जायला लागली की तिकडच्या मालकांनाही हात सैल सोडावा लागतो.

सरळरेघ

तो एक भाग झाला. बाकी उद्योग आले म्हणून. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

हापूसवाला

मीनाक्षीताईंनी विचारलं नाही, पण सांगतो. हे सगळं वाचल्यावर आमच्या राखणीच्या माणसाला आज विचारलं, तुझ्या गावचं कुणी युरोपात आहे का. म्हणाला, गावचं नाही, पण धनगढीला, म्हणजे त्यांच्याकडच्या मोठ्या शहरात, ज्या दुकानदाराकडून आम्ही पैसे काढतो त्याचा मुलगा गेलाय. "तो तिकडे भांडी घासतो असं ऐकलंय, पण बाप सांगत नाही." मग मला म्हणाला, शेठ, फवारणीचा तो तोंडावर लावायचा मास्क मिळतो, तो आणा. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने काही मागितलं. उद्या बाजारात जातोय.