वादाचे विषय वर्गात कसे घेता? शिक्षकांच्या अनुभवांचा धागा

नागपुरात शिकवणाऱ्याला वादाचा विषय शोधत हिंडावं लागत नाही. दीक्षाभूमी इथे, विधानभवन इथे, हिवाळी अधिवेशनात वेगळ्या विदर्भाच्या घोषणा इथेच, आणि कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी शहरातून दिसतात. तरी शिक्षकांच्या खोलीत बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: धडा वाचा, प्रश्नोत्तरं लिहून द्या, पुढे चला. मुलं हे सगळं घरी, पानठेल्यावर, मोबाइलवर ऐकतच असतात. शांतपणे तपासून पाहायची जागा मात्र त्यांना वर्गातच मिळू शकते, म्हणून हा धागा. पद्धत लिहा: वेळ किती लागतो, कागद कोणते, कुठे बिनसतं. शाळेचं आणि मुलांची नावं नकोत.

इतिहास-राज्यशास्त्र, दहावी

चळवळींच्या पाठाला जोडून वेगळ्या विदर्भाचा विषय उत्तम बसतो. अट एकच, दोन तासिका सलग हव्यात. "विदर्भ वेगळा हवा की नको?" असं फळ्यावर लिहिलं की पाच मिनिटांत घोषणा सुरू होतात. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेला नागपूर करार घेऊन आधी पुराव्याचा प्रश्न लिहावा: "नागपूर करारातलं कोणतं आश्वासन पाळलं गेलं, हे कशावरून ठरवाल?" हवं-नकोचा प्रश्न दुसऱ्या तासिकेच्या शेवटी.

चार कागद पुरतात, प्रत्येकी अर्ध्या पानाचे: २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारातली निवडक कलमं (लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या, शिक्षणातल्या जागा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात), १९५५च्या राज्य पुनर्रचना आयोगाची आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस, संविधानाचं कलम ३७१(२) (विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद), आणि १९८४च्या दांडेकर समितीच्या अहवालातला अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाचा, एखादा तक्ता. साठ मुलांसाठी पंधरा संच झेरॉक्स करावे लागतात.

चौघांचा गट, दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. दहा मिनिटं वाचन, मग प्रत्येक जोडीला चार मिनिटं. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि समोरच्याने "हो, हेच म्हणत होतो" म्हटल्यावरच पुढे जायचं. मग बाजू बदलायच्या. शेवटी चौघांनी मिळून एका वहीत तीन वाक्यं लिहायची: कशावर पटलं, कशावर नाही, आणखी कोणती माहिती हवी.

बिनसतं ते बाजू बदलण्यापाशी. पहिली फेरी रंगते, घंटा होते आणि अदलाबदल राहून जाते. मग ती वक्तृत्व स्पर्धाच झाली, कोणाचंही मत हललेलं नसतं. म्हणून दुसरी तासिका अदलाबदलीनेच सुरू करावी. आणखी एक, संयुक्त महाराष्ट्राची बाजू नागपुरात बहुधा कच्ची पडते. तिच्या जोडीला भाषावार राज्याचा मुद्दा आणि लहान राज्याच्या उत्पन्नाचा प्रश्न शिक्षकाने आधीच लिहून द्यावा. कमजोर बाजूला बळ देणं हे शिक्षकाचं काम आहे, त्यात पक्षपात नाही.

मराठी, आठवी

एक शंका. बाकं जड आहेत, हलत नाहीत, वर्गात ६५ मुलं. गट कसे करायचे?

इतिहास-राज्यशास्त्र, दहावी

बाकं हलवू नका, मुलं वळवा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांनी मागे तोंड करून बसायचं. बाकावर तिघं असतील तर सहांचा गट होतो, तिघं विरुद्ध तिघं. तिसऱ्याकडे टिपण लिहायचं काम. सहाच्या वर मात्र जाऊ नका, शेवटची दोघं गप्पच राहतात.

गणित, नववी

आरक्षणावर वर्ग तापतो तेव्हा बहुतेकांना आकडेच माहीत नसतात. म्हणून सुरुवात बेरजेने करावी. राज्यातले जुने प्रवर्ग आणि त्यांचे टक्के फळ्यावर लिहून घ्यावेत: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विशेष मागास प्रवर्ग २, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट २.५, ३.५ आणि २. बेरीज ५२. मग १९९२च्या इंद्रा साहनी निकालातली ५० टक्क्यांची मर्यादा सांगावी, आणि २०१९च्या १०३व्या घटनादुरुस्तीतले आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के. "मर्यादा ५०ची, तर ५२ कसे?" हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि तिथून चर्चा माहितीवर चालते. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी विशेष तरतुदी करू देणारं कलम १५(४) का आणावं लागलं, हेही त्याच तासाला सांगता येतं.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे वर्गातलं एखादं मूल नमुना म्हणून उभं राहणं. "कोणाकोणाला सवलत मिळते, हात वर करा" हे वाक्य कधीही उच्चारू नये. "तुझ्या घरी काय वाटतं?" हेसुद्धा नाही. आणि शिष्यवृत्तीची यादी, जातीच्या दाखल्याची आठवण वर्गात मोठ्याने वाचायची पद्धत आधी बंद करा. ती चालू असेल तर आरक्षणाच्या तासाला समानतेवर कितीही बोललं तरी मुलांना खरं काय ते कळलेलं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात ज्यांच्या आजी-आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, ती मुलं समोर बसलेली आहेत. त्यांच्यासाठी हा परीक्षेपुरता धडा नाही.

विज्ञान, सातवी-आठवी

अंधश्रद्धेच्या तासाला चमत्काराचा प्रयोग करायचा मोह होतो. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेटची बारीक पूड, पाव चमचा. त्यावर ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. थोड्या वेळाने आपोआप जाळ. खडे न कुटता टाकले तर पेटायला फार वेळ लागतो. डिसेंबरच्या थंडीतही ग्लिसरीन घट्ट होऊन उशीर होतो, मुलांना वाटतं फसला, आणि ती वाकून बघायला जातात. तिथेच अपघात होतो. प्रयोग मैदानात, लोखंडी घमेल्यात, शेजारी वाळूची बादली, मुलं तीन मीटर लांब, आणि थेंब शिक्षकानेच टाकायचे.

प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीत अंदाज आणि कारण लिहायचं. हे टाळलं तर मुलांना फक्त जाळ आठवतो.

श्रद्धेवर मात्र हल्ला नको. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचून दाखवावी. त्यात अघोरी कृत्यं आहेत, नरबळी आहे, भूत उतरवायला मारहाण करणं आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन कायद्यानेच वगळलं आहे. "सर, मग आमची आजी देवाला जाते ते?" या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच मिळतं, आणि घरून तक्रार येत नाही.

भूगोल, नववी

औष्णिक वीज केंद्र घेताना लक्षात ठेवा, कोराडी-खापरखेडा पट्ट्यातल्या वर्गात केंद्रातल्या कामगाराचं मूल आणि राखेने शेत खराब झालेल्या शेतकऱ्याचं मूल एकाच बाकावर असू शकतं. जनसुनावणीचं नाटुकलं चांगलं चालतं: कामगार, शेतकरी, वीज ग्राहक, डॉक्टर, अधिकारी. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. म्हणून मुलांनाही भूमिका आठवडाभर आधी द्याव्यात. भूमिका चिठ्ठीनेच, आणि ज्याला स्वतःच्या घरची भूमिका आली त्याला गाजावाजा न करता चिठ्ठी बदलू द्यावी. संपल्यावर प्रत्येकाने चिठ्ठी परत करून "आता मी माझ्या नावाने बोलतो" म्हणून एक वाक्य बोलायचं. हे राहिलं तर सुट्टीत भांडण होतं: "तू तर शेतकऱ्यांच्या विरोधात होतास."

गोसीखुर्द धरणालाही हेच. १९८८ची पायाभरणी, सुरुवातीचा ३७२ कोटींचा अंदाज, सिंचन आणि विस्थापन यांचे रकाने शेजारीशेजारी.

समाजशास्त्र, अकरावी-बारावी

वरच्या सगळ्यांना एक जोड. प्रत्येक विषयाला दोन बाजू असतातच असं नाही. अस्पृश्यता कलम १७ने संपवली आहे, बालविवाह कायद्याने गुन्हा आहे. त्यावर "बाजूने आणि विरोधात" असे गट पाडणं चूक आहे, कारण वर्गातल्या एखाद्या मुलीला स्वतःच्या माणूसपणाचा बचाव करायला लावल्यासारखं होतं. तिथे चर्चेचा प्रश्न वेगळा: कायदा असूनही हे का टिकतं?

"मॅडम, तुमचं मत काय?" हे हमखास येतं. तथ्याचा प्रश्न असेल तर लगेच आणि स्पष्ट उत्तर. मूल्याचा असेल तर "तुमचं लिहून झाल्यावर सांगते" म्हणावं, आणि खरोखर सांगावं, कारणांसकट. टाळत राहिलं की मुलं अंदाज बांधतात आणि तोच अंदाज घरी जातो.

मुख्याध्यापिका, मनपा शाळा

व्हॉट्सॲपवरचा द्वेषाचा मजकूर तपासायला शिकवा, पण पडद्यावर जसाच्या तसा दाखवू नका. त्याचा फोटो निघतो आणि "शाळेत हे शिकवतात" म्हणून फिरतो. त्यातला एकच दावा समाजाचं नाव गाळून फळ्यावर लिहा, तपासा, पुसा.

टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आखणीत, पाठाचं नाव, पान क्रमांक आणि वापरलेले कागद आदल्या दिवशी लिहून ठेवा. एक संच कार्यालयात द्या. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, जूनअखेरीस शाळा उघडल्यावरच्या पहिल्या सभेत वर्षातले असे तीन-चार तास त्यांना सांगून ठेवावेत. तक्रार आली तर पालकांच्या ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. पालकांना बोलवा, आधी कागद वाचायला द्या, मग बोला. निम्म्या तक्रारी कागद वाचतानाच मिटतात. उरलेल्यांची नोंद तारखेसह ठेवा आणि शिक्षकाला एकट्याने सामोरं जायला लावू नका.