अनुभव धागा: ऑनलाइन लिलावात तुम्ही कुठं थांबता?

मंगळवारपेठकर
सकाळी शाहू मार्केट यार्डात गेलो होतो. गुळाचे सौदे चालू होते. वडील तिथं अडत दुकानात दिवाणजी होते, ती बोली कानावर पडली की ते आठवतातच. मुरलेला व्यापारी कसा ओळखायचा ते दाखवायचे. तो आधी रंग बघतो, कणी बघतो, तुकडा जिभेवर ठेवतो आणि भाव मनात पक्का करतो. बोली त्या भावाच्या वर गेली की गपगुमान पुढच्या थप्पीकडं चालायला लागतो. घरी आलो तर पुतण्या फोनवर फायनान्सनं ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांची यादी बघत बसलेला. परवा बोली आहे आणि ट्रॅक्टर अजून डोळ्यानं बघितलेला नाही. ऑनलाइन बोलीत जादा पैसे जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? लिहा, त्याला वाचायला देणार आहे.

उद्यमनगर_लेथ
फोटोत रंग दिसतो भावा, लेथ मशीनच्या बेडची, म्हणजे खालच्या पायाची, झीज दिसत नाही. बघायची तारीख दिलेली असते, त्या दिवशी जायचंच. मी हिशोब उलटा करतो. हा लेथ माझ्या शेडमध्ये चालू उभा राहिला तर त्याची किंमत किती, तिथनं सुरुवात. त्यातनं क्रेन, ट्रक, हमाली, बेड ग्राइंडिंग आणि बोलीवरचा जीएसटी वजा. उरलं ती माझी शेवटची बोली. लिलावाच्या अटीत 'जसं आहे, जिथं आहे' लिहिलेलं असतं, म्हणजे उचलून आणायचं कामही आपलंच. गिऱ्हाईक आलंय, नंतर लिहितो.

खाऊगल्ली
बिनकेमिकलचा गूळ कुठं मिळेल सध्या? काकवी पण पाहिजे.

राजारामपुरीची_वहिनी
नणंदेनं बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेतला, कागद सगळे मी वाचले. कर्ज थकलं की बँक तारण विकते, त्या सरफेसी कायद्याखालचे हे लिलाव. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत आधी भरायची. बोली आपली झाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, २५ टक्के पुरे करायचे. बाकीचे ७५ टक्के १५ दिवसांत. बँकेनं लेखी मुदत वाढवली तरच वेळ मिळतो, नाहीतर भरलेले जप्त. गृहकर्ज १५ दिवसांत हातात येत नाही ओ! म्हणून तिनं कर्जाचं आधी विचारून घेतलं, मग बोलीचा आकडा ठरवला.
दुसरं, ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता कागदोपत्री, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. माणसं राहत असतील तर ती निघेपर्यंत आपले पैसे अडकून. सोसायटीची बाकी, घरफाळा, वीजबिल हे सगळं विचारायचं. थकलेलं वीजबिल लिलावात घेणाऱ्याकडनं वसूल होऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. मुद्रांक शुल्क वेगळंच. हे सगळं धरल्यावर एक स्वस्तातला फ्लॅट आम्हाला महाग पडत होता. सोडला. त्याचं आजही वाईट वाटत नाही.

मंगळवारपेठकर
वहिनी, फार मोलाचं लिहिलंत.

जुना_कॅमेरा
सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा बनवला त्या कोल्हापूरचा मी, त्यामुळं जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. ईबे या लिलावाच्या साइटवर घेतो, परदेशातनं. तिथं आपली वरची मर्यादा एकदाच टाकायची असते. समोरच्यापेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतंच सिस्टिम आपोआप वाढवते. मर्यादा १०,००० टाकली आणि दुसरा ६,००० ला थांबला तर तुम्हाला सहाहजाराच्या थोडंसंच वर पडतं. मी तो आकडा शेवटच्या काही सेकंदांत टाकतो, म्हणजे कुणाला ईर्षेनं वाढवायला वेळच राहत नाही. आणि भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या वस्तूंचा. मागणारा काय वाट्टेल ते मागतो. टपाल आणि कस्टम आधीच धरायचं.

राजारामपुरीची_वहिनी
शेवटच्या सेकंदाचं बँकेच्या लिलावात चालत नाही हं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ परत पाच मिनिटांनी वाढतो. आमच्या वेळी असाच वाढत गेला, जेवणं थंड झाली.

तालमीतला
ईर्षा म्हटलं की आपलं कोल्हापूर पुढं! गणपतीच्या नारळाच्या लिलावात ईर्षेनं बोललेलं निदान मंडळाच्या कामी येतं. एमएच ०९ चा पसंतीचा नंबर बघा. एकाच नंबरला दोन अर्ज आले की जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा. समोरच्यानं किती भरलेत कळत नाही, म्हणून माणूस भीतीनंच वाढवतो. भावाला म्हटलं, तुला त्या नंबरची जेवढी किंमत वाटते तेवढाच काढ. नाही मिळाला, दुसरा घेतला.

पन्हाळा_रोड
लिलाव भिशी पण लिहा कुणीतरी. आमच्या गल्लीत ज्याला गरज त्यानं जमलेल्या रकमेतलं सगळ्यात जास्त सोडायचं, मग भिशी त्याला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण खरं तर त्याच्यापुढं दुसरा रस्ता नसतो.

खाऊगल्ली
भिशीचा वेगळा धागा काढा, माझ्याकडं लिहायला लई आहे. गुळाचं कुणी सांगितलंच नाही.

मंगळवारपेठकर
खाऊगल्ली, ओळखीच्या गुऱ्हाळावरनं आणतो मी. गाळप चालू झालं की सांगतो, काकवीही मिळेल.

कॉलेजात_शिकवते
लिलावात जिंकणाराच जादा पैसे मोजून बसतो, यावर १९७१ साली तीन अमेरिकन इंजिनिअरांनी लेख लिहिला होता. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या जागांवर कंपन्या बोली लावायच्या आणि जिंकणाऱ्यांना पुढं अपेक्षेइतकं मिळायचं नाही. जमिनीखाली तेल तेवढंच, अंदाज मात्र प्रत्येकाचा वेगळा. ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला, तोच जिंकतो. म्हणून बोली लावणारे जितके जास्त, तितका आपला आकडा खाली ठेवायचा. गर्दी बघून आपण उलटं करतो, एवढे लोक आहेत म्हणजे माल चांगलाच असणार म्हणतो. ट्रॅक्टरला हे तंतोतंत लागू आहे, कारण इंजिनात काय आहे ते कुणालाच पक्कं माहीत नसतं.

तालमीतला
मॅडम, हे गुळाच्या व्यापाऱ्याला शाळेत न जाता कळलंय बघा.

कॉलेजात_शिकवते
कळलंय ना! तो चाखतो, आपण फोटो बघतो. म्हणून तर जाऊन बघायला सांगतेय.

पुतण्या_स्वतः
काकांनी लिंक पाठवली, सगळं वाचलं. ट्रॅक्टर शिरोलीच्या यार्डात आहे. काय काय बघू?

उद्यमनगर_लेथ
आलो परत. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळव. फायनान्सचा बोजा उतरवायची एनओसी कोण देणार आणि कधी, हे लेखी घे. विमा संपलाय का, टायर किती उरलेत, हायड्रॉलिक उचलतंय का. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांग, आधी तापवून ठेवलेलं असलं तर काही कळत नाही. यार्डाचं भाडं कुणी भरायचं तेही विचार. मग आकडा कागदावर लिही, काकांना दाखव. परवा तुझ्या शेजारी त्यांनाच बसव.

पुतण्या_स्वतः
उद्या दहाला जातो. मेस्त्री मिळेल का कोण?

उद्यमनगर_लेथ
आमचा देतो की. साडेनऊला शिरोली नाक्यावर थांब.