लहान मुलांच्या कॉडल ब्लॉकसाठी ब्युपिव्हॅकेन की रोपिव्हॅकेन?

प्रश्न : भूलतज्ज्ञ, तालुक्याचे रुग्णालय

नमस्कार. आमच्याकडे महिन्यातून दोनदा बालशल्यचिकित्सक येतात आणि त्या दिवशी हर्निया, हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणे), न उतरलेले वृषण अशा सहा-सात शस्त्रक्रिया ओळीने होतात. मुलाला पूर्ण भूल दिल्यावर त्याला कुशीवर वळवून मी कॉडल ब्लॉक (माकडहाडाजवळच्या फटीतून पाठीच्या कण्यात बधिरतेचे औषध टोचणे) देतो आणि त्यासाठी आजवर ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन हे बधिरतेचे औषध किलोमागे १ मिलि या हिशेबाने वापरत आलो आहे. वेदनाशमन उत्तम मिळते. परंतु चार-पाच वर्षांची मुले जागी झाल्यावर पाय हलत नाहीत म्हणून घाबरून रडतात आणि ते रडणे दुखण्याचे की भीतीचे, हे आमच्या सिस्टरना ठरवता येत नाही. रुग्णालय आता ०.२ टक्के रोपिव्हॅकेन हे त्याच गटातले औषध मागवण्यास तयार आहे, मात्र ते महाग पडते. वेदनाशमनाचा काळ कमी न होता हा त्रास टळेल का, आणि अगदी लहान बाळांसाठी कोणते औषध अधिक सुरक्षित ठरेल, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर १ : बालभूलतज्ज्ञ, पुणे

सर, एकदाच दिलेल्या कॉडलमध्ये या दोन औषधांच्या वेदनाशमनाच्या कालावधीत फारसा फरक पडत नाही. दोन्हींनी साधारण चार ते सहा तास निभतात. फरक पडतो तो पायांच्या ताकदीत. रोपिव्हॅकेन मेदात कमी विरघळते, त्यामुळे स्नायूंना हालचालीचा संदेश नेणाऱ्या, मायलिनचे जाड आवरण असलेल्या तंतूंत ते कमी शिरते आणि वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंवर मात्र पुरेसे काम करते. ज्या मुलाला संध्याकाळी घरी सोडायचे आहे, त्याने दुपारी पाय हलवणे आणि उभे राहणे ही चैन नव्हे, म्हणून माझ्या मते या मुलांसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. शिवाय मुलांच्या वेदना मोजण्याची जी फ्लॅक पद्धत आपण वापरतो, तिच्यात पायांच्या हालचालीला स्वतंत्र गुण आहेत. पाय लुळे असलेले मूल लाथा झाडूच शकत नाही, तेव्हा तिथले शून्य फसवे असते; सिस्टरना हे आधी सांगून ठेवावे.

आता मात्रेचा हिशेब. ०.२५ टक्के म्हणजे मिलिमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १ मिलि दिल्यावर आपण ब्युपिव्हॅकेनच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेवर नेमके येऊन ठेपतो आणि पुढे शल्यचिकित्सकांनी जखमेत थोडे औषध टोचले की ती ओलांडतो. १९७९ साली भूलतज्ज्ञ आर्मिटेज यांनी कॉडलसाठी किलोमागे ०.५, १ आणि १.२५ मिलि असे जे आकारमान सुचवले, त्यातल्या शेवटच्यासाठी द्रावण ०.१९ टक्क्यांपर्यंत पातळ करण्यास सांगितले होते; त्यानेही मात्रा या मर्यादेत राहते. ०.२ टक्के रोपिव्हॅकेन किलोमागे १ मिलि दिले तर २ मिलिग्रॅमच होतात. हर्नियासाठी बधिरता एवढ्या उंचीपर्यंत चढली की पुरते. केवळ सुंता किंवा हायपोस्पेडियास (मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या खालच्या बाजूला असणे) असेल तर ०.५ मिलि पुरे.

सहा महिन्यांखालील बाळांबाबत मात्र औषध बदलून निश्चिंत होऊ नये. त्यांच्या रक्तात या औषधांना बांधून ठेवणारे अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन कमी असते आणि यकृतातील विकरे अपरिपक्व असतात. ब्युपिव्हॅकेन ज्या विकराने मोडते ते आणि रोपिव्हॅकेन ज्याने मोडते ते, दोन्हीही. मी या वयात कोणत्याही औषधाची मात्रा साधारण एक तृतीयांशाने कमी करते.

उत्तर २ : पदव्युत्तर विद्यार्थिनी, भूलशास्त्र

मॅडम, लेवोब्युपिव्हॅकेन या चर्चेत कुठे बसते? आणि परिणाम लांबवण्यासाठी त्यात क्लोनिडिन हे पूरक औषध घालावे का?

उत्तर ३ : निवृत्त प्राध्यापक, भूलशास्त्र विभाग

ब्युपिव्हॅकेन हे एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रेणूंचे समान मिश्रण आहे आणि त्यातला एक हृदयाच्या सोडियम वाहिन्यांना अधिक घट्ट धरून बसतो. १९७९ साली भूलतज्ज्ञ ऑल्ब्राइट यांनी अशा औषधांनी अचानक हृदय बंद पडण्याकडे लक्ष वेधले, तेव्हापासून या दुसऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. लेवोब्युपिव्हॅकेनमध्ये केवळ सौम्य रेणू असतो. हृदयाच्या दृष्टीने ते बरे, परंतु पाय लुळे पडण्याच्या बाबतीत ते ब्युपिव्हॅकेनच्याच जवळ जाते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर ते नव्हे. क्लोनिडिन किलोमागे १ मायक्रोग्रॅम घातल्यास परिणाम काही तास वाढतो, पण गुंगीही वाढते. नवजात बाळांत श्वास थांबण्याची भीती असल्यामुळे तिथे ते टाळावे, आणि त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलांत मी ते वापरत नसे.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पाठीतून भूल देण्यासाठी असलेले डेक्स्ट्रोजमिश्रित ‘हेवी’ ब्युपिव्हॅकेन आणि साधे ब्युपिव्हॅकेन एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवू नका. गडबडीच्या यादीत हात चुकतो. दुसरे, औषध चुकून रक्तात गेल्यास जीभ बधिर होते, पण बेशुद्ध मूल ते सांगू शकत नाही, म्हणून औषध हळूहळू, थोडेथोडे द्या, मध्ये सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते पाहा आणि नजर ईसीजीवर ठेवा. त्यातली टी लहर एकाएकी उंच झाली तर थांबा. या औषधांच्या विषबाधेवर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे मेदाचे द्रावण) खोलीतच हवे : किलोमागे १.५ मिलि झटपट, नंतर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलि. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधात मेद असला तरी ते याला पर्याय ठरत नाही.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे आभार. सहा महिन्यांवरील मुलांसाठी रोपिव्हॅकेनची मागणी नोंदवत आहे. जखमेत टोचण्याचे औषध आमच्या हिशेबात आजवर धरलेच जात नव्हते. यापुढे प्रत्येक मुलाचे वजन आणि एकूण मिलिग्रॅम फळ्यावर लिहूनच शस्त्रक्रिया सुरू होईल. लिपिडची बाटली अतिदक्षता विभागात, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर आहे. ती उद्याच खाली आणतो.