बेघरांचा पैसा निवाऱ्यांवर घालायचा की घरांवर?

रात्रपाळी:
मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं. कोस्टल रोड, पूल, काँक्रीटचे रस्ते सगळं ठळक दिसतं, फुटपाथवर झोपणाऱ्याच्या वाट्याला काय आलं ते मात्र भिंग घेऊन शोधा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की मोठ्या शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, म्हणजे २०११ ची सव्वा कोटी लोकसंख्या धरली तरी सव्वाशे झाले, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. माझं मत सरळ आहे, आधी निवारे पुरे करा, मग परवडणाऱ्या घरांचं बोला. पीएम आवासमध्ये केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, ठीक आहे, पण उरलेल्या रकमेचं कर्ज रोजंदारीसाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला कोण देणार, त्याच्याकडे फॉर्मवर लिहायला पत्ता नाही.

परळकर_ताई:
निवारा म्हणजे घर नव्हे हो! आमच्या स्टेशनजवळच्या पुलाखाली एक गजरेवाली राहते, नवरा, दोन पोरं, एक पत्र्याची पेटी. गेल्या पावसाळ्यात मीच तिला निवाऱ्यात पाठवलं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पेटी ठेवायला जागा नाही, स्टो तर नाहीच. तिसऱ्या दिवशी परत पुलाखाली. म्हणाली, ताई, फुलं आणायला पहाटे चारला निघायचं असतं आणि तिथलं दार सहाला उघडतं. तोच पैसा भाड्याच्या खोल्यांना द्या, मालकीच्या नकोत, डिपॉझिट न घेता.

ईएमआयवाला:
आणि भरायचं कोणी? वीस वर्षं हप्ते आम्ही फेडायचे. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत २००० पर्यंतच्या झोपडीला घर फुकट, २०११ पर्यंतच्याला अडीच लाखांत, आता फुटपाथवाल्यांना खोली द्या, मग उद्या अजून दहा जण येऊन झोपतील.

परळकर_ताई:
झोपु झोपडीवाल्याला मिळते, ज्याच्याकडे झोपडीच नाही त्याला काय मिळतं? आणि ५०० फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ केला ते फुकट नव्हतं वाटतं 😀

ईएमआयवाला:
माझं घर ५५० फूट आहे.

परळकर_ताई:
बरं, मग तुमच्यावर खरंच अन्याय झालाय.

लॉस_एंजेलिसकर:
घरं बांधा म्हणणाऱ्यांसाठी इकडचं सांगतो. २०१६ मध्ये इथल्या मतदारांनी १.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांना हो म्हटलं, बेघरांसाठी दहा वर्षांत दहा हजार घरं. २०२२ च्या ऑडिटमध्ये निघालं की बांधकाम चालू असलेल्या घरांचा सरासरी खर्च सहा लाख डॉलरच्या घरात गेलाय. लोक तोवर तंबूतच. अर्थात ज्यांना मिळाली ते बहुतेक टिकून राहिले, म्हणून मी पूर्ण विरोधातही नाही.

खतावणी:
मी निवारा चालवणाऱ्या एका संस्थेचे हिशेब बघायचो. तुम्ही सगळे बांधायच्या पैशावर भांडताय. तो भांडवली खर्च, एकदाच, टेंडर निघतं, फीत कापतात, फोटो येतो. गोची पुढे आहे. वॉचमन, लाईट बिल, चादरी धुणं, ढेकणांची फवारणी हे सगळं महसुली, दरवर्षी लागणारं, आणि काटछाट आली की पहिली कात्री तिथेच. केंद्राच्या योजनेत चालवायचा खर्च पहिली पाच वर्षंच मिळायचा, मग आपलं आपण बघा. एकदा आमचा अनुदानाचा हप्ता आठ महिने लटकला होता, वॉचमनचा पगार ट्रस्टींनी खिशातून दिला, आणि तरी वर्षअखेरीला कागदावर निवारा 'कार्यरत'च!

रात्रपाळी:
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना, निवाऱ्यांना दरवर्षीचा पक्का पैसा द्या. घरांचं अनुदान तसंही वरच्यांकडेच सरकतं, म्हाडाच्या लॉटरीत मुंबईत वर्षाला सहा लाख कमावणारासुद्धा 'अत्यल्प' गटात येतो, त्या रांगेत गजरेवालीचा नंबर कधी लागायचा?

परळकर_ताई:
रांग चुकीची आहे म्हणून घरच नको? उत्पन्नाची मर्यादा खाली आणा की. आणि निवाराच करायचा तर निदान पेटीची सोय करा.

खतावणी:
केली होती. जुन्या बाजारातून लोखंडी कप्प्यांचं कपाट आणलं, आठ हजार. ऑडिटमध्ये नामंजूर, फर्निचरचं लेखाशीर्षच (खर्चाचं खातंच) मंजूर नव्हतं.