मदत हवी आहे: ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर आणलेलं व्हीएम सुरू होत नाही (तातडीचं)

इचलकरंजी_आयटी
तीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर आणली, दोन्ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअरं. दोन चालू झाली. तिसरं निळा पडदा दाखवतं आणि परत रीस्टार्ट होतं. प्रॉक्समॉक्समधल्याच इम्पोर्ट विझार्डने आणलंय, इम्पोर्ट होताना काही एरर नाही. डिलीट करून पुन्हा आणलं, तेच. सोमवारी ऑफिस उघडायच्या आत चालू हवं. कुणी केलं असेल तर लवकर सांगा.

रूट_पुणे
निळ्या पडद्यावर काय लिहून येतं? विंडोज कुठलं? चालू झालेली दोन कुठली? बूट बायोसने होतं की यूईएफआयने? डिस्क कुठल्या कंट्रोलरवर जोडलीय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सर्व्हर_सांगली
विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स असेल तर हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) त्यातच येतं, दोन विंडोज व्हीएम चालवायची मुभाही मिळते. स्टारविंडच्या फुकट कन्व्हर्टरने डिस्क बदलून घ्या. हायपर-व्हीचे ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतात. आमच्याकडे सगळं असंच हलवलं, काही त्रास नाही.

इचलकरंजी_आयटी
इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असं येतं. सर्व्हर २०१६. बाकीची दोन उबुंटू (लिनक्स) आहेत. डिस्क विझार्डने जोडली तशीच, स्कझी दिसतंय. बायोस-यूईएफआय बघून सांगतो. हायपर-व्ही नको, प्रॉक्समॉक्स ठरलंय.

नेटवर्कवाली
बायोस-यूईएफआय शोधत बसू नका. निळा पडदा विंडोजचाच आहे, म्हणजे बूटलोडर सापडला आणि विंडोज अर्ध्यापर्यंत वर आलं. तिथे गोंधळ असता तर विंडोजपर्यंत गाडी गेलीच नसती. तुमच्या विंडोजला स्वतःची डिस्क दिसत नाहीये, कारण व्हर्ट-आयओ स्कझीचा, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या व्हर्च्युअल डिस्क कंट्रोलरचा, ड्रायव्हर त्यात नाही. लिनक्सच्या कर्नलबरोबर तो येतोच, म्हणून उबुंटू चालली.

असं करा. व्हीएम बंद करून डिस्क डिटॅच करा आणि साटा म्हणून परत जोडा. ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डरला तिच्यावर टिक करा, हे हमखास राहतं. साटावर नाही उठलं तर आयडीई. आता एक जीबीची रिकामी डिस्क स्कझीवर जोडा, कंट्रोलर व्हर्ट-आयओ स्कझी सिंगल. व्हर्ट-आयओ-विन आयएसओ (विंडोजसाठीच्या ड्रायव्हरांची फाइल) सीडी म्हणून लावा, विंडोज सुरू करा, त्यातला इन्स्टॉलर चालवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती एक जीबीची डिस्क दिसली की ड्रायव्हर लागला. मग बंद करा, छोटी डिस्क काढा, मूळ डिस्क स्कझी झीरोवर आणा, बूट ऑर्डर पुन्हा तपासा.

छोटी डिस्क टाळू नका. नुसता ड्रायव्हर टाकला आणि त्या कंट्रोलरवर काहीच जोडलेलं नसलं, तर विंडोज तो बूटच्या वेळी लोड करेलच असं नाही. मग परत हाच पडदा.

रूट_पुणे
+१. आणि व्हीएमवेअर टूल्स (ईएसएक्सआयसाठी विंडोजमध्ये टाकलेले ड्रायव्हर वगैरे) आधी काढले होते का? इकडे आल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर ‘हे व्हीएमवेअरचं मशीन नाही’ म्हणून अडतो.

जुनं_ते_सोनं
मुळात सोडलंच कशाला? एप्रिल २०२५ पासून ईएसएक्सआय ८ पुन्हा फुकट मिळतंय.

रूट_पुणे
ते फुकटचं घेतलं की बॅकअपचं काय? बॅकअपची सॉफ्टवेअरं ज्या एपीआयवर चालतात ते त्यात रीड-ओन्ली आहेत. व्हीसेंटरला (अनेक ईएसएक्सआय एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) जोडता येत नाही, एका व्हीएमला आठच व्हर्च्युअल सीपीयू. ऑफिसचा डेटा असल्या भरवशावर ठेवायचा नसतो.

जुनं_ते_सोनं
छोट्या ऑफिसला आठ सीपीयू भरपूर होतात. बॅकअप व्हीएमच्या आतूनही घेता येतो.

सर्व्हर_सांगली
म्हणूनच म्हणतोय, हायपर-व्ही.

झेडएफएस_प्रेमी
धागाकर्ते, रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र करून दाखवणारं कार्ड) झेडएफएस ही फाइल सिस्टिम टाकली नाहीये ना? झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात, कंट्रोलर एचबीए मोडमध्ये (डिस्क एकत्र न करता तशाच पुढे देणारा) हवा. रॅमची मर्यादाही लावून ठेवा, नाहीतर कॅशेच बरीच रॅम घेऊन बसते.

इचलकरंजी_आयटी
झेडएफएस नाहीच आहे.

नेटवर्कवाली ताई, साटावर उठलं!! छोटी डिस्क दिसली, मूळ डिस्क स्कझीवर आणली, चालतंय. खूप आभार. टूल्स काढले नव्हते, ते नंतर बघतो. आता नेटवर्क नाही. जुना आयपी टाकला तर म्हणतं की हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. दुसरं अडॅप्टर नाहीच.

नेटवर्कवाली
आहे, पण लपलेलं. ईएसएक्सआयवरचं व्हीएमएक्सनेट थ्री कार्ड रजिस्ट्रीत अजून आयपी धरून बसलंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हायसेस करा, नेटवर्क अडॅप्टर्समधलं फिकट दिसणारं ते कार्ड अनइन्स्टॉल करा. मग आयपी टाका. मात्र जुनं व्हीएम ईएसएक्सआयवर चालू ठेवू नका, दोघांचा आयपी एकच आहे.

मिरज_जंक्शन
विषयांतर होतंय, पण प्रॉक्समॉक्स शिकायला ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप चालेल का?

रूट_पुणे
चालेल. फक्त बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. सविस्तर विचारायचं तर वेगळा धागा काढा.

इचलकरंजी_आयटी
आयपी लागला, पिंग होतंय. पण टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्स नसल्यासारखं) उघडतंय.

रूट_पुणे
टॅली आहे हे आत्ता सांगताय! लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं असतं, मशीन बदलल्यासारखं वाटतंय त्याला. जुनं व्हीएम ईएसएक्सआयवर अजून आहे ना? उडवलं तर नाही?

इचलकरंजी_आयटी
आहे, फक्त बंद केलंय.

रूट_पुणे
मग नवं बंद करा, जुनं चालू करा, तिथून लायसन्स सरेंडर (टॅलीला परत) करा. इंटरनेट लागेल. मग जुनं बंद करून नव्यावर ॲक्टिव्हेट करा. जुन्यावर एकही व्हाउचर टाकू देऊ नका, डेटा दोन ठिकाणी फाटेल. आणि नव्याचा पहिला बॅकअप घेऊन, तो रिस्टोअर करून बघेपर्यंत ईएसएक्सआय फॉरमॅट करायचं नाही.

इचलकरंजी_आयटी
लगेच करतो. टॅलीच्या अकाउंटचा पासवर्ड सीए साहेबांकडे आहे, त्यांना फोन लावतोय.